‘रेडी’ म्हणजे नक्की काय?

“गाडी गेली?” मी जवळजवळ ओरडलेच.

“मग? तुमच्याच कॉम्प्युटरवर ‘रेडी’ दिसलं, म्हणून पाठवली,” आमचे सेल्स मॅनेजर कामत म्हणाले.

“अहो, पण त्या सिरपचा लॅब रिपोर्ट अजून आलेला नाही!”

कामतांचा चेहरा उतरला. लहान मुलांचं खोकल्याचं औषध होतं ते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरीच्या औषध कंपनीत मी सिस्टिम्स ॲनालिस्ट होते. म्हणजे ऑफिसातल्या लोकांना नेमकं काय हवंय ते समजून घ्यायचं आणि प्रोग्रामरला सांगायचं. स्टॉकच्या प्रोग्रामची ट्रायल चालू होती. आधीच्या मीटिंगमध्ये मी विचारलं होतं, “माल रेडी कधी धरायचा?” जनरल मॅनेजर वैतागले होते. “रेडी म्हणजे रेडी! किती खोदून विचारता?” सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रॉडक्शनच्या मनात होतं, बाटली भरून लेबल लागलं की रेडी. कामतांच्या मनात, लॅबने पास केलं की रेडी.

गाडी गेली होती त्या मालाडच्या गोडाऊनचा फोन सारखा एंगेज. शेवटी मी आणि कामत रिक्षाने निघालो. कामत एकच वाक्य पुटपुटत होते, “एखादं खोकं दुकानात गेलं तर?”

पोचलो तेव्हा गोडाऊनच्या दारात एक टेम्पो भरून उभा. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलेलं. कामत थेट समोर जाऊन उभे राहिले. “बंद कर रे! एकही खोकं हलणार नाही!”

सगळा माल परत आला. पुढे लॅबने तो पासही केला.

“बघा, उगाच घाबरवलंत,” जनरल मॅनेजर म्हणाले. “सोमवारपासून प्रोग्राम चालू करा.”

“नाही सर. असाच्या असा नाही करणार.”

“हे तुम्ही ठरवणार?”

नोकरी गेली असंच वाटलं. तेवढ्यात कामत म्हणाले, “सर, प्रोग्रामच्या मंजुरीवर माझीही सही मिळणार नाही.”

साहेबांनी प्रोग्रामची फाइल माझ्याकडे सरकवली. “काय ते नीट करा.”

‘रेडी’ काढून टाकलं. त्या जागी ‘भरला’ आणि ‘पास’ असे दोन वेगळे शेरे आले. ‘पास’ असल्याशिवाय गेटपास, म्हणजे माल बाहेर सोडायचा कागद, छापलाच जात नसे. प्रोग्राम महिनाभर लांबला, त्याबद्दल बोलणी मीच खाल्ली.

पुढे रिटायर होईपर्यंत, मीटिंगमध्ये सगळ्यांनी पटकन ‘हो’ म्हटलं की मी प्रत्येकाला बाजूला घेऊन तोच प्रश्न पुन्हा विचारत असे. लोक कंटाळायचे. कंटाळू देत.