आधी आडनाव, मग खोली

सकाळी सहा वाजता लोकांच्या घरी जायचं आणि रक्त काढून आणायचं, ही माझी पहिली नोकरी. जळगावातल्या एका खासगी लॅबमध्ये मी टेक्निशियन म्हणून लागले तेव्हा डिप्लोम्याचा कागद अजून करकरीत होता, आणि सोनगीरहून आणलेल्या दोन बॅगा मी नशिराबादला मावशीकडे टाकल्या होत्या. नशिराबाद तसं जवळच. पण पहाटेची शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, आणि उपाशीपोटी साखर तपासायला बसलेला माणूस सात वाजले की टेक्निशियनच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. लॅबच्या डॉक्टरांनी माझा उशीर दोनदा खपवून घेतला. तिसऱ्यांदा सांगितलं, पाडव्यापर्यंत शहरात राहायला ये, नाहीतर फिरतीचं काम दुसऱ्याला देतो, तू काउंटरवर पावत्या फाड. मला पावत्या फाडायच्या नव्हत्या. शीर सापडत नाही म्हणून चार जणांनी सोडून दिलेला हात माझ्यासमोर यावा आणि मी एका टोचणीत काम संपवावं, यात मला जो आनंद आहे तो पावतीत नाही.

खोली शोधणाऱ्या बाकीच्या पोरींना शहर बाहेरून दिसतं. मला ते पार स्वयंपाकघरापर्यंत दिसत होतं. कोणत्या कॉलनीत गेटला दोन कुलपं असतात, कुठे शेजारीण हाक न मारता थेट आत येते, कुठे नवरा-बायको सकाळी सहालाच भांडायला बसलेले असतात, हे मला महिन्याभरात पाठ झालं. लोक बाही वर करून हात पुढे करत आणि तोंड पलीकडे फिरवत. त्या वेळी मला कोणी आडनाव विचारलं नाही. मात्र काम झाल्यावर, कापूस दाबून धरायला सांगून मी सहज म्हटलं की इकडे कुठे खोली मिळेल का, की पहिला प्रश्न ठरलेला. पूर्ण नाव काय?

आम्ही बौद्ध. माझं आडनाव ऐकलं की खान्देशात कोणालाही पुढचं सांगावं लागत नाही. वडील फोनवर म्हणाले, आपल्या वस्तीत बघ, कटकट नको. वस्ती चांगलीच होती, तिथे दोन घरं मला आनंदाने खोली द्यायला तयारही होती. पण ती लॅबपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि मला खरं सांगायचं तर वडिलांच्या त्या "कटकट नको"चाच राग आला होता. आपल्या पायाने तिकडे जाणं वेगळं आणि बाकीची दारं बंद म्हणून जाणं वेगळं. शहर मी चालून चालून पाहिलं होतं. निवड मीच करणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

आणि लगेच माती खाल्ली. लॅबपासून दहा मिनिटांवर एक नीटनेटकी कॉलनी होती. दारात तुळस, वर गच्चीला लागून खोली, हवा अशी की एप्रिलमध्येही कूलर कमी लागेल. घरमालकीण काकूंनी नाव विचारलं. मी माझं नाव आणि पुढे वडिलांचं नाव सांगितलं आणि तिथेच थांबले. गाव सोनगीर म्हटल्यावर त्या खुलल्या, म्हणाल्या, तुमच्याकडची तांब्या-पितळेची भांडी काय सुरेख, येताना एक हंडा आण माझ्यासाठी. माझ्या बोलण्यातली अहिराणी ऐकून त्यांनी मला कोण्या शेतकऱ्याची मुलगी ठरवलं आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई, आम्ही आपल्यासारख्याच लोकांना देतो खोली." मी मान हलवली. जीभ टाळ्याला चिकटली होती, पण मान मात्र व्यवस्थित हलली. रविवारी सामान घेऊन ये, असं ठरलं.

मावशीला सांगितलं तर ती आधी खूश झाली. मग भाकरी थापता थापता तिने विचारलं, तुझ्या बापाने बुद्धाची तसबीर दिली आहे, ती कुठे लावशील? मी म्हटलं, सध्या राहू दे बॅगेत, नंतर बघू. मावशीने तव्यावरची भाकरी उलटली. ती रागावली नाही, तेच मला जास्त लागलं.

"फोटो बॅगमा ऱ्हाई," ती म्हणाली. "आनि तू? तू बी बॅगमाच ऱ्हाशी का?"

स्वतःचीच इतकी चीड मला त्याआधी कधी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी शेवटचं सॅम्पल लॅबमध्ये ठेवून मी थेट त्या काकूंच्या दारात गेले आणि चप्पल न काढता, पायरीवर उभी राहून, पूर्ण नाव सांगितलं. काकूंचा चेहरा बदलला नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. फक्त त्यांना एकदम आठवलं की त्यांचा भाचा शिकायला येणार आहे. मी म्हटलं, येऊ दे की, आणि निघाले. रस्त्यावर आल्यावर मला हसू फुटलं. खोली गेली होती, पाडवा बारा दिवसांवर आला होता, आणि मला मात्र डोक्यावरची पाटी उतरल्यासारखं वाटत होतं.

तेव्हापासून मी नियम केला. खोली बघायच्या आधी, गेटवरच, आडनाव. ते त्यांनी विचारायचं नाही, मी सांगायचं. यात फार वेळ वाचतो. त्या आठवड्यात जळगावात कितीतरी भाचे शिकायला येणार असल्याचं मला कळलं. एका घरी तर होकार मिळाला. ते गृहस्थ म्हणाले, आम्ही असलं काही मानत नाही. पाच मिनिटांनी पुन्हा म्हणाले, जिना दाखवताना तिसऱ्यांदा म्हणाले. जो माणूस खरंच मानत नाही त्याला ते इतक्या वेळा आठवत नाही. खोली छान होती, तरी मी नाही म्हटलं. नकार देताना इतकं बरं वाटतं हे मला ठाऊकच नव्हतं.

पाडव्याला चार दिवस उरले आणि माझा एक पेशंट आठवला. रुळांच्या पलीकडच्या जुन्या गल्लीत राहणारे आबा, एसटीचे रिटायर झालेले ड्रायव्हर, मूळचे पारोळ्याकडचे शेतकरी घरातले. आयुष्यभर घाटातून गाडी चालवलेला माणूस, पण सुई पाहिली की डोळे घट्ट मिटून घ्यायचा. त्यांच्या घरावर एक खोली कुलूप लावून पडलेली मी दर वेळी पाहत होते. गल्ली अरुंद, उन्हाळ्यात तापणारी, दिसायला काही खास नाही. पण तिथे मी सकाळी शिरले की तीन दारांतून चहाला हाक यायची, आणि ती हाक मारणाऱ्या बायका एकमेकींच्या चहाला नावंही ठेवायच्या. अशी गल्ली मला आवडते.

त्या दिवशी रक्त काढून झाल्यावर मी नियमाप्रमाणे आधी पूर्ण नाव सांगितलं, मग वरच्या खोलीचं विचारलं. आबांनी एक डोळा उघडला. सुई गेली याची खात्री झाल्यावर दुसराही उघडला.

"नाव आयकं मी," ते म्हणाले. "आते पानीनी पाळी लेशी का, ते सांग."

त्यांच्या गल्लीला नळाचं पाणी तिसऱ्या दिवशी येतं, आणि पहाटे कोणत्या वेळी येईल हे पाणी सोडणाऱ्यालाही ठाऊक नसतं. म्हणून गल्लीने घराघरावर पाळी लावली आहे. ज्याची पाळी त्याने लवकर उठून कोपऱ्यावरच्या पहिल्या नळाशी बसायचं, नळ फुरफुरला की प्रत्येक दारावर हाक मारत शेवटच्या घरापर्यंत जायचं. शेवटच्या घराच्या नळाला धार लागेपर्यंत कोणी मोटर लावायची नाही. वरच्या खोलीचीही स्वतंत्र पाळी होती, आणि आधीचा भाडेकरू तेवढ्या एका कारणाने काढला होता, कारण तो झोपून राहायचा. मी म्हटलं, आबा, मी पाचला उठतेच. पण मलाही गल्लीबद्दल विचारायचंय. मग मी त्यांनाच चार प्रश्न विचारले. त्यांनी इमानदारीत उत्तरं दिली. वर डास आहेत हेही सांगितलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी राहायला गेले. तसबीर दारातून आत शिरल्याबरोबर समोर दिसेल अशी लावली, आबांनीच खिळा ठोकून दिला. खोली मिळाली होती, फिरतीचं कामही टिकलं होतं. तरी मनात एक कुसळ होतं. आबा चांगले, पण गल्ली म्हणजे एकटे आबा नव्हेत. माझं नाव एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. सगळे गोड बोलत होते, आणि त्या गोड बोलण्याचीच मला धास्ती होती, कारण काकूही गोडच बोलल्या होत्या.

पाण्यासाठी उठायची माझी पहिली पाळी आली. पहाटे मी नळाशी जाऊन बसले, नळ फुरफुरला, आणि दारं वाजवायची वेळ आली तशी एरवी चुरुचुरु चालणारी माझी जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली. कोणाच्या दारावर भल्या पहाटे थाप मारायची, आपण नवीन, आपण अशा. मी बोटाच्या पेराने टकटक करत, "पाणी आलं हो" असं देवळात बोलावं तसं पुटपुटत गेले. बाकीचे जागे होतेच. शेवटच्या घरातल्या अक्का मात्र उठल्या नाहीत, आणि त्या उठल्या तेव्हा पाणी जाऊन अर्धा तास झाला होता.

मी कामाचा डबा घेऊन खाली उतरत होते. अक्का कमरेवर हात ठेवून गल्लीच्या मधोमध उभ्या होत्या, आणि दारादारांत प्रेक्षक.

"चोरी कराले उनी व्हती का तू, इतली हळू हाक मारस ते? बठ्ठास्ले पानी भेटनं, मनं घर कोरडं ऱ्हायनं."

आधी मला वाटलं, आलं शेवटी पोटातलं ओठावर. मग ध्यानात आलं की ही बाई माझ्याशी गोड बोलत नाहीये. ती माझ्याशी तशी भांडत होती जशी ती कालच समोरच्या घरच्या सुनेशी भांडली होती. माझ्या अंगातलं सगळं सोनगीर जागं झालं.

"कूलर लाईसन झोपतस तुम्ही अक्का," मी म्हटलं. "मंग मी काय भित फोडीसन उठाडू?"

समोरची सून खुदकन हसली. अक्का पुढे काय काय बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही, मीही मागे राहिले नाही. आबा खिडकीतून ऐकत होते, त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी अक्कांना दम लागला. त्या घरात गेल्या आणि मोठा हंडा घेऊन बाहेर आल्या.

"आते तुना ड्रममाईन दोन हंडा दे," त्या म्हणाल्या, आणि माझ्या आधी माझा जिना चढू लागल्या.

माझ्या आजीला गावात पाण्यासाठी दुसऱ्या जातीतली बाई वरून ओंजळीत ओतेपर्यंत उभं राहावं लागे. हे मी तिच्याच तोंडून ऐकलं आहे. मी ड्रममधून तांब्याने अक्कांचा हंडा भरू लागले. अक्कांची नजर समोरच्या तसबिरीवर गेली, त्यांनी सवयीने हात जोडले आणि म्हणाल्या, भांडून घसा सुकला, आधी प्यायला दे. मी तोच तांब्या पुढे केला. त्यांनी तो तोंडाला लावून गटागटा रिकामा केला, पदराने तोंड पुसलं आणि हंडा नीट भर म्हणून मला पुन्हा एकदा झापलं.

दोन हंडे गेल्यावर माझा छोटा ड्रम तळाला लागला आणि मी दोन दिवस लॅबमधून बाटल्या भरून आणल्या. मला त्याचं काडीचं दुःख नव्हतं. पुढच्या पाळीला मी पहिल्या दारापासून अशी हाक मारत निघाले की अक्का तर उठल्याच, पण ज्यांना त्या दिवशी पाणी नव्हतंच, ते पलीकडच्या गल्लीतले लोकही बादल्या घेऊन बाहेर आले.