गुऱ्हाळाचं तीर्थ

बाहिया प्रांतातल्या उसाच्या पट्ट्यात एक रीत मालकालाही मोडता येत नसे. हंगामाच्या पहिल्या दिवशी पाद्री येऊन चरकावर तीर्थ शिंपडत नाही, तोवर एकही गुलाम आत ऊस घालायचा नाही. मग चाबूक मारा नाहीतर जीव घ्या. तीर्थ न लागलेला चरक माणूस खातो, ही त्यांची पक्की समजूत.

किटेरिया तिथल्या देवळात झाडलोट करायची, मेरीमातेपुढे दिवा लावायची. तिचा नवरा सिप्रियानो चरकावर होता. गेल्या हंगामात, झोपेला पारखा झालेल्या त्या माणसाचा हात चरकाच्या रुळांत गेला. मालक वास्को समोरच उभा. चरक थांबवा म्हणून किटेरियाने त्याचे पाय धरले, तर मेला म्हणतो, "रस वाया जाईल. हात तोडा."

तोडला कुऱ्हाडीने! जखम भरल्यावर सिप्रियानो डोंगरात, पळालेल्यांच्या वस्तीत गेला. तिकडून निरोपावर निरोप, की निघून ये. ही जागची हलेना. वास्कोचं वाटोळं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जाणार नाही, असं तिने मेरीमातेला सांगून टाकलं होतं.

नवा हंगाम आला. तोडलेल्या उसाचे ढीग लागले. पाद्रीबाबांनी देवळात पाणी मंतरलं आणि ते मालकाकडे जेवायला गेले. किटेरियाने ते तीर्थ तुंब्यात ओतून घेतलं आणि भांड्यात विहिरीचं पाणी भरलं.

"आई, पाप माझ्या माथी," ती पुटपुटली, "पण त्याला सोडू नकोस."

बाबा ते साधं पाणी शिंपडून पुढच्या गुऱ्हाळाला निघून गेले. मग तिने चरकात ऊस घालणाऱ्या म्हाताऱ्या रोमानामावशीच्या कानात खरं काय ते सांगितलं. मावशीने हातातला ऊस खाली ठेवला. बघता बघता सगळ्यांनी ठेवला. पाठी फुटल्या; तीर्थ खोटं होतं एवढंच ते सांगत, पण बदलणाऱ्याचं नाव कुणी सांगितलं नाही. पाद्र्याला शोधायला मुकादम चहूकडे पांगले. तोवर ऊस उन्हात आंबून गेला.

वास्को ढिगाशी डोक्याला हात लावून बसला होता. किटेरियाने त्याला पोटभर पाहिलं. मग तुंबा डोक्यावर घेऊन ती त्याच्या समोरून चालू लागली. त्याला वाटलं, पाण्याला निघाली. ती सरळ रानात शिरली.

डोंगरावर सिप्रियानो भेटला, तेव्हा आधी तिने ते तीर्थ त्याच्या थोट्या हातावर ओतलं आणि मग रडली.

"मिटला का गं राग?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "हात थोडाच परत आलाय?"