रमणभाऊंच्या दहा पाट्या

आमच्याकडे एक चित्र तयार होईपर्यंत चार किस्से तयार होतात. चित्रं निदान कुणीतरी घेऊन जातं, किस्से मात्र घरीच पडून राहतात! आता इतके साचलेत, की एक सांगायला घेतला की त्याच्या शेपटीला धरून दुसरा बाहेर येतो. म्हणून म्हटलं, एकदाचे सांगून मोकळी होते.

आधी माणसं सांगते, नाहीतर निम्म्यात विचाराल, "हा कोण, ती कोण?" रमणभाऊ म्हणजे आमचे चित्रकार. राहतात जळगावात, मूळचे नरडाण्याजवळच्या खेड्यातले. मी शाळेत ड्रॉइंगची बाई होते. रिटायर झाले आणि त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये छपाईला मदत करायला लागले. घरी बसून सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवण्यापेक्षा हे बरं!

आम्ही एचिंग करतो. सोपं असतं हो. जस्ताच्या पाटीवर मेणाचा थर द्यायचा, सुईनं त्यात चित्र काढायचं, पाटी ॲसिडमध्ये सोडायची. सुई फिरली तेवढंच जस्त ॲसिड खातं. मग त्या खाचांत शाई भरायची, वर ओला कागद ठेवायचा आणि दोन रोलरच्या मशीनमधून दाबून काढायचा. एवढंच! पण ह्या "एवढंच"ला तीन वर्षं गेली. दहा पाट्या, दहा चित्रं, आणि सगळी गावाकडच्या घरातली. चूल, शेळी, परसातली कपाशी, दारासमोर थांबणारी एसटी.

त्या घराचे मालक नाना, म्हणजे रमणभाऊंचे वडील. नानांनी तोवर मुलाचं एकही चित्र बघितलेलं नव्हतं. गावात कुणी विचारलं, तर अहिराणीत सांगायचे, "पोऱ्या जळगावले मशीनवर शे." कसली मशीन, असं विचारलं तर म्हणायचे, "मोठी शे." पुढे तोंडाला कुलूप!

रमणभाऊंना हे फार लागायचं. मला म्हणायचे, "ताई, एकदा, फक्त एकदा नानांनी चार लोकांत म्हणावं, की हे माझ्या पोरानं काढलंय. मग मशीन भंगारात घातली तरी चालेल."

मी म्हणायचे, "भंगारात घालू नका. मला द्या."

*

रमणभाऊ जस्ताकडे वळले कसे, तेही ऐका. पहिल्यांदा ते गावी जाऊन कागदावर पेन्सिलनं चित्रं काढायचे. नानांची पांढरी शेळी बांधलेली असायची, तिच्यासमोर स्टूल टाकून बसले. दोन दिवस खपून शेळीचं असं चित्र काढलं, की विचारू नका! पाणी प्यायला आत गेले आणि परत आले, तर शेळी शांतपणे शेवटचा कोपरा चघळत होती. स्वतःचं चित्र, स्वतःच खाल्लं!

नव्यानं काढलं. तेही खाल्लं. तिसऱ्या वेळी चित्र उंच खुंटीला अडकवलं, तर शेळीबाई स्टुलावर चढल्या!

रमणभाऊ तसेच तणतणत जळगावला आले आणि भंगारवाल्याकडून जस्ताचा पत्रा घेऊन गेले. शेळीपुढे पत्रा नाचवत म्हणाले, "आता खा!"

शेळीनं पत्रा चाटून पाहिला आणि तोंड फिरवलं. तिथून एचिंग सुरू झालं.

*

एका पेपरवाल्यानं मुलाखत घेतली तेव्हा हा किस्सा सांगायचा की नाही, यावर आमचं भांडण झालं. रमणभाऊ म्हणाले, नको, हसं होईल. त्यामुळे ते गंभीर चेहरा करून बसले. पेपरवाला वहीत बघून बघून प्रश्न विचारत होता. "सर, ही शेळी कशाचं प्रतीक आहे?"

"शेळीचं."

"नाही, म्हणजे तिच्या डोळ्यांत एक अतृप्ती दिसते."

रमणभाऊ न राहवून म्हणाले, "चौथा कागद मिळाला नाही ना तिला!"

*

आता जळगावचा मे महिना. तुम्हाला सांगायला नकोच. छपाईला कागद ओला लागतो. पाण्यातून काढून मशीनपर्यंत आणेस्तोवर कागद पापडासारखा कडक! कूलर लावला, गोणपाट लावलं, कशाचा उपयोग नाही. माझं माहेर यावलचं, केळीच्या मुलखातलं. भावाला फोन केला, त्यानं केळीची पानं पाठवून दिली. ओले कागद पानांत गुंडाळून ठेवले, आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशीसुद्धा गारेगार!

फक्त एक गोष्ट विसरले. यावलची लेक असून विसरले, म्हणजे बघा! केळीचा चीक. छापून बघतो, तर पंचवीस कागदांवर तपकिरी डाग. मी कपाळावर हात मारून घेतला.

नेमके त्याच दिवशी पुण्याहून एक समीक्षक आले. पांढरा शुभ्र झब्बा, खांद्याला झोळी. डागवाल्या चित्रापुढे पाव तास उभे. मग हळूच म्हणाले, "हा जो तपकिरी रंग आहे ना, हा काळाचा ठसा आहे. आपण तो पुसू शकत नाही."

मी म्हटलं, "अहो, तो केळीचा चीक आहे. खरंच पुसता येत नाही. कपड्याला लागला तर कपडा फाटेल, डाग नाही जायचा."

गृहस्थांनी खांद्यावरची झोळी खाली ठेवली. मग त्यांनी वळून दाखवलं. पानांच्या ढिगाला टेकून उभे होते, अख्खी पाठ भरलेली! बारीक आवाजात विचारलं, "खरंच नाही जात?"

*

कपाशीच्या चित्राला रमणभाऊंनी पानांवर छान ठिपके आणले होते. त्यासाठी पाटीवर राळेची पूड भुरभुरायची, खालून गरम करायची, मग ॲसिड. जमलं तर मखमल, नाही जमलं तर खरूज! हे जमलं होतं. रमणभाऊ दिवसभर शीळ घालत होते.

कोपऱ्यावर बियाणं-खतांचं दुकान आहे, तिथले आबा चहाला आले. चित्राजवळ गेले, चष्मा वर केला, खाली केला. चेहरा पडला. "रमणभाऊ, मावा पडेल शे."

"आबा, ती राळ आहे."

"काहीबी म्हना, मावा शे. आठ दिवसमा बठ्ठं शेत जाई. फवारनी करा."

झालं! चार दिवस रमणभाऊंना त्या चित्रात माव्याच्या किडीशिवाय काही दिसेना. शेवटी पाटी घेऊन बसले आणि निम्मे ठिपके घासून घासून काढले. नवा छाप भिंतीला लावला. आबा पुन्हा आले, चित्र बघितलं आणि खूश झाले.

"वा! कोनतं औषध मारं?"

*

पापडांचं मात्र माझ्यामुळे झालं असं सुनंदावहिनी म्हणतात. सुनंदावहिनी म्हणजे रमणभाऊंच्या मिसेस. सरळ खोटं आहे! मी फक्त एवढंच म्हटलं होतं, की ह्या रोलरखाली काहीही सारखं पातळ होतं.

उडदाच्या पापडांचे दिवस. गल्लीतल्या सगळ्या बायका वहिनींच्या ओट्यावर लाटायला जमलेल्या. वहिनींनी माझं वाक्य लक्षात ठेवलेलं. रमणभाऊ बाहेर गेल्याचं बघून सगळी फौज शेडमध्ये शिरली. मशीन चांगली धुतली, प्लास्टिक अंथरलं, दोन प्लास्टिकांमध्ये लाटी ठेवली, एकीनं चाक फिरवलं. पापड तयार! तासाभरात पिठाचा डबा संपला. बायकांनी मशीनला हळदकुंकू लावलं.

पापड वाळत घातले तेव्हा कळलं. प्लास्टिकच्या खाली शेळीची पाटी तशीच राहिली होती. एकूण एक पापडावर शेळी! शिंगं, दाढी, दोरीसकट.

टाकून कोण देणार? वहिनींच्या पुतणीच्या साखरपुड्यात तेच तळले. पाव्हणे पापड उजेडाला धरून बघत होते. मुलाकडच्या आजींनी पापड ताटाबाहेर काढून ठेवला. वहिनी धावत गेल्या, "काय झालं आजी? खारट आहे का?"

"बाई, मी माळकरी. बकरी कशी खाऊ?"

आणि आमचे रमणभाऊ! ते पंगतीत डोकं धरून बसलेले. मला म्हणाले, "ताई, प्रत्येक छापावर नंबर टाकून सही करायची असते हो!"

*

एसटीच्या चित्रानं आम्हाला एक धडा शिकवला. पाटीवर जे काढाल, ते कागदावर उलटं येतं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. कागद पाटीवर पालथा पडतो, दुसरं काय होणार? हे आम्हा दोघांनाही चांगलं ठाऊक, पण एसटीच्या वेळी रमणभाऊंनी जशी दिसली तशीच काढली. आम्ही छापून भिंतीला लावली आणि कौतुकानं बघत बसलो.

शेजारचे शब्बीरभाई एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी चित्र बघितलं, आणि हात जोडले.

"रमणभाऊ, ह्या गाडीवर माझी ड्युटी लावू नका. स्टेअरिंग क्लीनरच्या जागेवर, दार उजवीकडे! पॅसेंजर उतरला की सीधा ट्रकखाली!"

तेव्हा नाना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जळगावला आलेले होते. शेडच्या दारात, आमच्याकडे पाठ करून, रस्त्याकडे बघत बसायचे. शब्बीरभाईंना आम्ही कागद पालथा घालून, उलटून, सगळं समजावून सांगितलं. नानांनी मान वळवली नाही.

त्यानंतर रमणभाऊ प्रत्येक चित्र आरशात बघून पाटीवर काढायला लागले.

*

आणि मग धुळ्याचं प्रदर्शन. नानांच्या गावाहून जीप भरून माणसं आली. अक्का, म्हणजे रमणभाऊंच्या आई, पुढे. अक्कांनी हट्टच धरला म्हणून नाना आले, पण आल्या आल्या दाराजवळची खुर्ची धरली आणि रस्त्याकडे तोंड करून बसले. रमणभाऊ दर दोन मिनिटांनी तिकडे बघत होते. मला इतका राग आला, की वाटलं खुर्चीसकट म्हाताऱ्याला फिरवावं!

अक्का मात्र घरभर फिरावं तशा फिरत होत्या. "हाई मन्ही चूल. हाई मन्ही शेळी." फिरत फिरत दहाव्या चित्रापाशी आल्या. हे सगळ्यात मोठं, आणि रमणभाऊंच्या सगळ्यात जिवाचं. नाना-अक्कांच्या लग्नाच्या एकुलत्या एका फोटोवरून केलेलं. अक्का थांबल्या.

"हाई बाई कोन शे?"

रमणभाऊ म्हणाले, "माय, तूच ती!"

"मी नही. मी नथ डावीकडे घालस. हाई बाईनी उजवीकडे शे."

बोंबला! मी चित्राकडे बघितलं, रमणभाऊंनी माझ्याकडे बघितलं. नेमका ह्याच पाटीला आरसा विसरला होता माणूस! अक्का दाराकडे वळल्या आणि शेताच्या बांधावरून हाक मारावी तशी नानांना इकडे यायची हाक मारली.

"ओ! आठे या! तुमना बाजूले हाई कोन बसेल शे?"

अख्खा हॉल नानांकडे वळला. मग गावकऱ्यांपैकी कुणीतरी खिदळलं, "काय नाना, आमले सांगं नही कधी!" दुसरा म्हणाला, "पहिली व्हई!" हशा पिकला. रमणभाऊंचा चेहरा रडवेला झाला.

नाना उठले. सावकाश चालत आले, गर्दी बाजूला केली आणि चित्रासमोर उभे राहिले. बराच वेळ बघत राहिले. मग वळून सगळ्यांवर ओरडले.

"दात नका काढा! हाई मन्हा पोऱ्यानी काढेल शे! पाटीवर सुई फिराई, ॲसिडमा टाकी, कागद पालथा दाबा. कागद उलटा व्हस, म्हनीसन बठ्ठं उलटं येस. डावं ते उजवं. मन्हा पोऱ्या चित्रकार शे, तुमले काय कळस?"

रमणभाऊ भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसायला लागले. माझ्याही डोळ्यांना धारा लागल्या, कशाला खोटं बोलू!

अक्कांनी सगळं नीट ऐकून घेतलं. पदर सावरला, चित्राच्या अगदी जवळ गेल्या, एकदा चित्रातल्या नानांकडे बघितलं, एकदा खऱ्या नानांकडे.

"बरं. नथ उलटी व्हयनी, मानं मी. पन लगनना दिवस तुम्ही रडी राह्यंतात. आठे हासी राह्यनात. तेबी मशीननीच उलटं करं का?"