खारकेची दाढ

रविवारची दुपार आहे. जेवण झालंय, वीज गेलीय आणि मी पुढच्या खोलीत पलंगावर आडवा पडलोय. झोप अजून लागलेली नाही. आत शैला भांडी आवरतेय, ते ऐकू येतंय. दारात खारीक पडलीय. खारीक ही माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची कुत्री. वाळक्या खारकेच्या रंगाची, नऊ वर्षांची. आक्काला जाऊन आठ महिने झाले, तेव्हापासून ती आमच्याकडे कोल्हापुरात आहे.

"अहो, आजही तिनं भाकरी टाकली," शैला आतून म्हणते. "दूध-भात तेवढा खाल्ला, तोही एकाच बाजूनं. आणि तोंडाला केवढा वास येतोय!"

"वय झालं तिचं," मी म्हणतो आणि डोळे मिटतो.

खरं म्हणजे मला त्या तोंडाची भीती वाटते. आक्का रोज संध्याकाळी बोटाला कापड गुंडाळून तिचे दात घासायची. इथं आल्यावर मी एकदाच तसं करायला गेलो. खारीक गुरगुरली, वरचा ओठ थरथरला आणि मी हात मागे घेतला. तो पुन्हा पुढे केलाच नाही.

भांड्यांचा आवाज लांब जातो. मग तो भांड्यांचा राहत नाही. स्टीलच्या ट्रेमध्ये कुणीतरी बारीक हत्यारं एकेक करून मांडतंय. हा आवाज मला ठाऊक आहे. वेंगुर्ल्यात दाताच्या दवाखान्यात आक्कानं एकतीस वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली काढली. लहानपणी शाळा सुटली की मी तिथंच बाकावर बसून असायचो.

पलंगाची कड दबते.

आक्का बसलीय. अंगात पांढरा एप्रन. हनुवटीखालून डोक्यापर्यंत कापडाची पट्टी बांधलेली. ती गेल्यावर तोंड उघडं राहू नये म्हणून ती पट्टी मीच बांधली होती. गाठ डाव्या कानावर आली होती, ती तिथंच आहे.

मला ओरडायचंय.

"ऊठ, वसू," ती म्हणते. तिचे ओठ हलत नाहीत.

मी पाय खाली टाकतो तर खाली आमची फरशी नाही, दवाखान्याच्या गार पांढऱ्या लाद्या आहेत. समोर दात काढायची ती मोठी खुर्ची. तिच्यावर खारीक पसरलीय, पाठीवर, माणसासारखी. दिव्याचा झोत तिच्या तोंडावर आहे.

माझ्या हातात माझाच ब्रश आहे, वर पेस्ट लावलेली.

"टाक ते!" आक्काचा आवाज भिंतीतून आल्यासारखा येतो. "माणसाची पेस्ट तिला द्यायची नाही. आपण थुंकतो, ती गिळते. विष होईल तिला."

ब्रश माझ्या हातून गळून पडतो. पडल्याचा आवाज येत नाही.

"मग कशानं करू?"

आक्का कानावरची गाठ सोडते. पट्टी हळूहळू उलगडते. तिचा जबडा खाली लोंबतो, फार खाली, आणि ती एका हातानं तो वर धरून ठेवते. दुसऱ्या हातानं पट्टी माझ्यापुढे करते.

"हे गुंडाळ बोटाला."

"आक्का, नको ना."

"गुंडाळ."

मी गुंडाळतो. कापड ओलं आणि थंड आहे.

"तोंड उघडू नकोस तिचं. ओठ वर कर फक्त. आधी बोटाचा वास घेऊ दे. हां. आता बाहेरच्या बाजूनं, हिरडीजवळ, गोल गोल. मागच्या वरच्या दाढेपर्यंत जा. घाण तिथंच साचते."

खारीक गुरगुरते. माझं बोट आत जातं, मग मनगट जातं. तोंड संपत नाही. दातांच्या मागे दात आहेत, तपकिरी, खडबडीत, आणि आतून कुजका, गरम श्वास येतोय. कोपरापर्यंत हात गेलाय आणि मला तो बाहेर काढता येत नाही.

"चावेल ती!"

"चावेल. दुखतंय तिला. किती दिवस दुखतंय?"

"मला... आठ महिने झाले, मी हातच..."

"ते नाही विचारलं."

दिवा मिणमिणतो. खुर्ची आता आक्काच्या वेंगुर्ल्याच्या घरात आहे, मोरीच्या बाजूला. भिंतीवरचा फोन वाजतोय. कुणी उचलत नाही, तरी मला त्यातून माझाच आवाज ऐकू येतो. ती जायच्या आदल्या दिवसाचा. 'जबडा ठणकतोय म्हणतेस? अगं, दातांची माणूस तू, आणि मला विचारतेस? एक गोळी घे आणि झोप.' फोनमधला मी हसतो. तो सकाळपर्यंत हसत राहतो. सकाळी डॉक्टर म्हणाले होते, दुखणं दाताचं नव्हतं, हृदयाचं होतं.

"आक्का, मला कळलं नाही गं."

ती हातातला जबडा सोडून देते. त्या उघड्या, काळ्या तोंडातून पहिल्यांदाच तिचा खरा आवाज येतो, बारीक, दमलेला.

"मी निदान सांगितलं तरी होतं, वसू. हिला सांगता येत नाही."

खारकेचे दात माझ्या हातावर मिटतात.

मी किंचाळत उठतो. पंखा फिरतोय, म्हणजे वीज आलीय. शैला धावत बाहेर येते. पलंगाशी खारीक उभी आहे. तिचं डोकं माझ्या मांडीवर आहे आणि माझं बोट तिच्या ओठाखाली, गालाच्या आत. ती चावत नाहीये. नुसती थरथरतेय, आणि तिचे डोळे माझ्यावर आहेत.

"अहो, रक्त! चावली का?"

मी हळूच बोट काढतो. त्याला कुठंही जखम नाही. रक्त तिचं आहे. उजेडात मला पहिल्यांदाच दिसतं की तिच्या उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज आहे. किती दिवसांपासून आहे, देव जाणे.

"जनावरांच्या डॉक्टरांना, हेर्लेकरांना फोन लाव," मी शैलाला म्हणतो.

"आज रविवार आहे."

"तरी लाव."

डॉक्टर ऐकून घेतात. दाढेच्या मुळाशी पू झाला असणार, भूल देऊन काढावी लागेल, आत्ताच घेऊन या, म्हणतात. शैला पट्टा आणायला जाते.

मी उठायला जातो आणि दुसऱ्या हाताची, अजून मिटलेली मूठ उघडते. तळहातावर एक तुकडा आहे, दाढेवरून सुटलेल्या कडक कीटणाचा. नखाएवढा, तपकिरी, आतल्या बाजूनं दाढेच्या आकाराचा. अजून कोमट आहे.