पट्ट्या धरायला यमुना होती

जळगावच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मी पिस्टन रिंगा निवडत उभा होतो, तेव्हा फोन आला. दुकानाचे शेठजी मारवाडी माणूस, एरवी बोलायला लागले की थांबत नाहीत. फोनवर ते नुसतं 'हां... हां...' करत राहिले, मग रिसीव्हर ठेवला आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, "मिस्तरी, बसा जरा." मी म्हटलं, बसायला वेळ नाही, धुळ्याची गाडी गाठायची आहे, बायको आजारी आहे. "तुमच्या घरूनच फोन होता," ते म्हणाले. शेजारच्या गुरुजींनी पोस्टातून लावलेला. यमुना दुपारीच गेली होती. मुलगी चोपड्याहून येऊन महिनाभर तिच्या उशाशी बसली होती, आणि मी नेमका त्या दिवशी रिंगा आणायला गेलो. त्याही कुणाच्या तरी फटफटीच्या! एसटीत पारोळ्यापर्यंत मला रडूसुद्धा आलं नाही. नुसता राग येत होता... स्वतःचाच.

आता सव्वा महिना झाला. माणसं येऊन गेली, मुलगी सासरी गेली, घरात मी एकटा. काही करावंसं वाटत नाही. गुरुजी म्हणाले, पेपरच्या पुरवणीवाले घेतात असलं, लिहा वहिनींवर, मन हलकं होईल. लिहिणं हे काही आपलं काम नाही, आणि मन हलकं होतं यावर माझा विश्वासही नाही. गेलेल्या बाईला लोक सुगरण म्हणतात, शांत म्हणतात, सोशीक म्हणतात. यमुना सोशीक नव्हती हो! तिला राग यायचा, फक्त तोंडानं बोलायची नाही, भांड्यांवर काढायची. मला एकच गोष्ट सांगायची आहे. माझ्या गॅरेजात तिची एक जागा होती, आणि ती मी घालवली. वर तिच्या भल्यासाठी म्हणून घालवली.

ज्यांनी कधी फटफटी उघडलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाच्या एका बाजूला एक जड लोखंडी चक्र असतं, आम्ही त्याला मॅग्नेट म्हणतो. ठिणगी पडायची बंद झाली की दुखणं बहुधा त्याच्या मागे असतं, म्हणजे ते काढल्याशिवाय इलाज नाही. आणि ते क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, निमुळत्या टोकावर असं रुतून बसलेलं असतं की ज्याचं नाव ते. त्याला ओढून काढायचं हत्यार म्हणजे पुलर. पण एकोणीसशे साठ-एकसष्टच्या सुमारास धुळ्यात माझ्यासारख्याकडे पुलर कुठला? मग आमची गावठी रीत. चक्राचा नट सैल करायचा पण काढून टाकायचा नाही, क्रँकच्या टोकाबरोबर ठेवायचा, म्हणजे आटे मरत नाहीत. टायर खोलायच्या दोन पट्ट्या चक्राच्या मागे दोन बाजूंनी घालून एकानं अंगच्या जोरानं ताणून धरायच्या, आणि दुसऱ्यानं नटावर तांब्याचा तुकडा ठेवून हातोड्याचा एकच ठोका द्यायचा. पट्ट्या ताणलेल्या असल्या तर चक्र टक्कन सुटतं. धरणाऱ्याचा हात त्याच वेळी ढिला पडला, तर सगळा मार आत क्रँकला बसतो आणि इंजिनाचं वाटोळं होतं. म्हणजे मारणाऱ्यापेक्षा धरणारा महत्त्वाचा. हे कळायला मला बराच वेळ लागला.

पट्ट्या धरायला माझ्याकडे रघुनाथ होता. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, धुळ्याकडचाच, मनानं सोन्यासारखा माणूस. एकदा एका कापडवाल्याची गाडी तीन दिवस अडकून पडली. आम्ही दोघं घामाघूम, चक्र जागचं हलेना. गॅरेजच्या मागेच आमच्या दोन खोल्या, मधे एक दार. त्या दारात उभं राहून यमुना बघत होती. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, पण मोजून बोलायची. त्या दिवशी एकदम म्हणाली, "तो डोये मिटून घेतो. तुम्ही हातोडा उचलला का त्याचा हात ढिला व्हतो. मले दिसते ना अठून." माझं डोकं फिरलं. म्हटलं, तू तुझी चूल बघ. रघुनाथ बिचारा रडकुंडीला आला, सगळा जोर लावतोय म्हणून सांगायला लागला, "मी धरेल शे ना मिस्तरी! बठ्ठा जोर लाई राहिनू!" आणि मग चिडून, थट्टेनंच म्हणाला, "मंग तूच धर ना वहिनी!"

तिनं धरल्या की हो! पदर खोचला, उकिडवी बसली आणि पट्ट्या हातात घेतल्या. असोद्याच्या शेतकऱ्याची पोर, केळीचे घड डोक्यावरून वाहिलेली, मनगटात जोर होताच. पण जोराचं एवढं काही नाही, जोर रघुनाथलाही होता. ती हातोड्याकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, "मारा." पहिला ठोका वाया गेला. दुसऱ्याला चक्र सुटलं ते थेट तिच्या ओच्यात, सगळं लुगडं काळं झालं. "निंघालं!" असं ओरडून ती हसली. लग्न झाल्यापासून तिला तोंड भरून हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

पुढे दहा-अकरा वर्षं हेच चाललं. मॅग्नेट काढायचं असलं की मी मागच्या दाराकडे तोंड करून म्हणायचो, "येतीस का गं?" की ती भाकरी तव्यावर टाकून यायची, हाताला पीठ तसंच. भाकरी करपली तर मी खायचो, बोलायची सोय नव्हती. यावलहून माझी माय आली, की तिचा जीव खालीवर. "बाईमानसानं फटफटीले हात लावाचा? लोकं काय म्हनतीन?" यमुना म्हणायची, "लोकायचं मॅग्नेट अडकलं का लोकंच येतात ना आत्याबाई." गिऱ्हाइकंही आल्या आल्या विचारायला लागली, वहिनी आहेत ना घरी? पुढे पुढे तर मी दुसरं काही ठोकत असलो तरी ती आतून नुसता आवाज ऐकून सांगायची, "ठोका पोकय बसला." आणि पोकळच बसलेला असायचा. मला राग यायचा. खरं सांगतो, थोडा अभिमानही वाटायचा, पण तो बोलून दाखवायची आमच्या घरात रीत नव्हती.

एका उन्हाळ्यात माझा हात घामानं ओला होता. हातोडा नटावर बसून घसरला आणि तिच्या अंगठ्यावर आला. मी ओरडलो... तिच्यावरच! चूक माझी, मार तिला, आणि वर ओरडाही तिलाच. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. म्हणाली, "पट्टी सोडली का मी? नाही ना? मंग वरडता कायले? चक्र निंघालं पहा." खरंच निघालं होतं. तिचं नख काळंनिळं झालं आणि महिन्यानं गळून पडलं. तो अंगठा भाकरी थापताना रोज माझ्यासमोर यायचा. मी जळगावच्या शेठजींना सांगून मुंबईहून पुलर मागवला. आला त्या दिवशी कागद सोडून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "घे. आता तुझी सुटका झाली." तिनं तो उलटसुलट करून बघितला, बोल्ट फिरवून बघितला. मी तिच्यासमोर एक मॅग्नेट काढून दाखवलं. ठोका नाही, आरडाओरडा नाही, दुसऱ्या माणसाची गरज नाही, दोन मिनिटांत काम. "बरं हाये," ती म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं चहा टाकायला गेली असेल. त्यानंतर ती गॅरेजात आली नाही.

माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही, यात सगळं आलं. शेजारच्या बाया म्हणायच्या, सुटलीस बाई तेलाग्रीसातून. ती हूं म्हणायची. माय खूश झाली. मीही चारचौघांत सांगायचो, आमच्या मंडळींना आता आराम आहे. दारातही उभी राहीनाशी झाली. भांडी मात्र फार वाजायला लागली होती. मी म्हणायचो, वय झालं, चिडचिड होते. अरे, वय कसलं? पस्तिशीतली बाई ती!

चारेक वर्षांनी पुलरचे आटे मेले. दुसरा मागवलेला होता, पण यायचा होता. त्यात यावलकडच्या एका शेतकऱ्याची गाडी आली, त्याला त्याच दिवशी परत जायचं होतं. मी जुन्या पट्ट्या शोधून काढल्या. यमुना आत दाराशीच तांदूळ निवडत बसली होती, दहा-बारा पावलांवर. मी हाक मारली ती रघुनाथला. त्यानं पट्ट्या घेतल्या, मी हातोडा उचलला, त्यानं डोळे मिटले... तिसऱ्या ठोक्याला क्रँक गेला. सगळं इंजिन उतरवावं लागलं, तो माणूस आठ दिवस एसटीनं हिंडला. माझी शोभा झाली ती झालीच. संध्याकाळी यमुनेनं ताट वाढलं. आवाजावरून ठोका ओळखणारी बाई, त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, मनातून हसत असेल मला. जेवलो आणि उठलो.

मग तिचं पोटाचं दुखणं सुरू झालं. दवाखाने झाले, पथ्य झालं, अंगावरचं मांस गेलं. एके दुपारी मुलगी धुणं धुवायला गेली होती, मी पंख्यानं वारा घालत होतो. काय सुचलं कोण जाणे, विचारलं, "त्या दिवशी तुला आवाज येत होता ना? ठोका पोकळ बसतोय हे कळत होतं ना? मग आली का नाहीस?" तिनं पंखा धरलेला माझा हात बाजूला केला. मग म्हणाली, "उठले व्हते मी. तांदूय खाली ठेवले, दारापर्यंत आले व्हते. म्हटलं आता बलावतीन." थांबली. दम लागत होता. "तुम्ही रघुनाथले हाक मारली."

एवढंच म्हणाली. तक्रार नाही, काही नाही. मग पाणी मागितलं. मी पाणी दिलं. पुढे सतरा दिवस ती होती, आणि त्या सतरा दिवसांत 'चुकलं माझं' हे दोन शब्द काही माझ्या तोंडातून निघाले नाहीत. रोज वाटायचं उद्या म्हणू. एका सकाळी मी रिंगा आणायला गेलो.

तेव्हा आता म्हणतो. चुकलं माझं, यमुना. तुझा हात वाचवायला गेलो आणि तुलाच दारात उभी करून ठेवली. हे छापून आलं तरी तिच्या काय कामाचं, तिला वाचता येत नव्हतं. पेपर मीच वाचून दाखवायचो, तोही माझी मर्जी असली तर. पण पुरवणी घरी आली की गॅरेजात बसून हे पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचणार आहे, मागच्या दाराकडे तोंड करून. रघुनाथ ऐकेल, शेजारी ऐकतील. ऐकू देत.