उपरण्याखालचं एक बोट

मी कापसाचा दलाल. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये बसून भाव जमवणं हा माझा धंदा. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. हातावर उपरणं टाकायचं आणि त्याखाली समोरच्याची बोटं धरायची. जितकी बोटं तितका भाव. भोवती शंभर माणसं असली तरी आत काय ठरलं ते दोघांनाच कळतं. म्हणून दलालानं उपरण्याखालच्या बोटाशी खोटं करायचं नसतं. ते एकदा मी केलं, आणि तेही माझ्या मुलाशी.

मुलगा एकुलता एक. तो बोलताना अडखळायचा. पहिलं अक्षर ओठाशी येऊन थांबायचं, मान ताठ व्हायची, डोळ्यांत पाणी यायचं. मी त्याला लहानपणापासून बाजारात नेत असे. तिथं बसून तो बोटांची भाषा शिकला आणि ती आमची घरची भाषा झाली. जेवताना मी उपरणं टाकून हात पुढं करी, आणि किती भाकरी हव्यात ते तो बोटं धरून सांगे. त्याची आई हसायची. "बापलेकाचा सौदा झाला का? मंग मी वाढू?"

तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस बंद झाला आणि विलायतेला आमच्या वऱ्हाडातला कापूस लागू लागला. अमरावतीच्या बाजारात साहेब लोकांचे मुनीम दिसू लागले, आगगाडी येणार म्हणून जमिनीची मोजणी सुरू झाली. पुढं इंग्रजी येणाऱ्यालाच बाजारात जागा राहील असं जो तो म्हणे. मुलाची मराठी शाळा पुरी झाली होती. सरकारी इंग्रजी शाळेत तोंडी परीक्षा होती. तिथं तो आपलं नावसुद्धा सांगू शकला नाही. राहिल्या दोन खासगी शाळा, एक आमच्या अमरावतीत आणि दुसरी अकोल्यात.

अमरावतीची शाळा एका धान्याच्या वखारीच्या मागच्या खोल्यांत भरे. चौदा-पंधरा मुलं आणि एक म्हातारे मास्तर. त्यांनी मुलाला पाटी दिली आणि विचारलं, "आपल्या मुलखातून कोणती नदी वाहते?" मुलगा अडखळला. मास्तर थांबले. बाहेर कुणी धान्याचं पोतं उतरवलं, मापाडी माप मोजू लागला, तरी मास्तर थांबलेच. मी मध्येच म्हणालो, "पूर्णा म्हणायचं आहे त्याला."

मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "घाई तुम्हाला आहे. त्याला नाही."

मग मुलानं स्वतः "पूर्णा" म्हटलं. पुरतं म्हटलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला लाज वाटली. वाटलं, इथं हा असाच अडखळत राहील आणि हे असेच थांबत राहतील.

अकोल्याचे मास्तर मुंबईकडून आलेले. कोट घालायचे, भिंतीवर मोठा नकाशा होता, मुलांच्या राहण्याजेवण्याची सोय होती. त्यांनी एका मुलाला बाकावर उभं केलं. तो इंग्रजीत असा घडाघडा बोलला की मी बघतच राहिलो. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. मास्तर म्हणाले, "आपला मुलगा सहा महिन्यांत असा बोलेल. जीभ आळशी असते, तिला शिस्त लावावी लागते."

कापूस पाहताना मी वरची वानगी कधी घेत नाही. गाठीत कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस ओढतो, कारण वर चांगला माल ठेवून आत ओला भरायची रीत मला ठाऊक आहे. त्या दिवशी मी वरचीच वानगी पाहिली आणि भुललो. तो घडाघडा बोलणारा मुलगा मास्तरांचा सख्खा भाचा होता, मुंबईहूनच शिकून आलेला. हे मला फार उशिरा कळलं. विचारलं असतं तर तेव्हाही कळलं असतं.

बाजारात माझा जोडीदार दलाल मुलाच्या तोंडावर म्हणाला होता, "याचा भाव सांगून होईपर्यंत बाजार उठून जाईन गड्या." सगळे हसले. मुलगाही हसला. ते हसणं माझ्या मनातून जात नव्हतं. मी अकोल्याच्या मास्तरांना तिथल्या तिथं शब्द देऊन आलो.

घरी आल्यावर त्याची आई म्हणाली, "इतक्या दूर काहून धाडता जी? त्याले इचारा तरी एकदा."

"विचारतो," मी म्हणालो. ओसरीवर बसून मी हातावर उपरणं टाकलं. एक बोट म्हणजे अमरावती, दोन म्हणजे अकोला, असं त्याला सांगितलं. मुलानं हात आत घातला आणि माझं एक बोट धरलं. घट्ट धरलं. पुन्हा दाबलं, म्हणजे मला कळलं नसेल तर कळावं.

"काय म्हणते तो?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "दोन. अकोला."

मुलानं माझ्याकडे पाहिलं. त्याचा हात अजून उपरण्याखाली होता. त्याची मान ताठ झाली, ओठ हलले, पहिलं अक्षर ओठाशी आलं. अमरावतीच्या मास्तरांसारखा मी थांबलो असतो तर ते बाहेर आलं असतं. मी उपरणं झटकलं आणि उठलो.

बैलगाडीनं तीन मुक्काम करून त्याला अकोल्यास सोडलं. वाटेत तो एकदाही माझ्या हाताजवळ आला नाही.

मग हंगाम लागला. त्या चार महिन्यांत मी दोनदा अकोल्याच्या बाजारात गेलो. शाळा बाजारापासून हाकेच्या अंतरावर होती. दोन्ही वेळा शाळेत गेलो नाही. घरी सांगितलं, पोरगा मजेत आहे. खरं म्हणजे मला त्याच्या डोळ्यांची भीती वाटत होती.

फाल्गुनात शाळेत गेलो. मास्तर म्हणाले, "मुलगा हट्टी आहे." त्यांनी त्याच्या जिभेखाली सुपारी ठेवून त्याला रोज सगळ्या वर्गापुढं धडा म्हणायला लावलं होतं. अडखळला की मुलं टाळ्या वाजवत. पहिला महिना तो प्रयत्न करत राहिला. मग त्यानं बोलणंच सोडलं. कोपऱ्यात आपली वळकटी बांधून बसला होता तो. मी हाक मारली. तो उठला आणि मुकाट्यानं माझ्यामागून चालू लागला.

मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा मी त्याला म्हणालो, "मले शिव्या दे. काही तरी बोल." तो बैलांकडे बघत राहिला. तो अडखळतो याची ज्याला लाज वाटली होती, तो मी त्या वाटेवर एका अडखळत्या अक्षरासाठी जीव टाकत होतो.

घरी आईनं त्याला पोटाशी धरलं. तिच्याशीही तो बोलला नाही. वैद्य झाले, दर्ग्यावर जाऊन आलो, देवीला नवस बोललो. शेवटी वखारीमागच्या मास्तरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जागा आहे. लिहायला शिकवीन. पण अडखळणारं पोर बोलायला निघालेलं तरी असतं. याचा शब्द आता घरातूनच निघत नाही. त्याला काय करावं ते मला माहीत नाही."

त्या दिवशी परत आल्यावर मी ओसरीवर त्याच्या आईला सांगितलं. मुलगा समोर होता. म्हणालो, "त्यानं एक बोट धरलं होतं. मी दोन सांगितलं."

ती गहू निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"मले ठाऊक हाये," ती म्हणाली. "तुमी बाहेर गेले तवा त्यानं मले बोट दाखवलं होतं, एक. मी म्हटलं, बाप खोटं काहून सांगन? तूच चुकला असशीन. तसंच म्हटलं मी त्याले."

म्हणजे तोंडानं जमलं नाही ते त्यानं बोटानं दोघांना सांगितलं होतं, आणि आम्ही दोघांनी ते खोटं ठरवलं होतं. ती चूकही माझीच. माझ्या शब्दावर तिचा विश्वास होता.

मी हातावर उपरणं टाकलं आणि मुलापुढं धरलं. काही विचारलं नाही. विचारण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. हात अवघडून आला तरी तसाच धरून राहिलो. तो आला. त्यानं हात आत घातला आणि माझं एक बोट धरलं. तेच बोट, तसंच घट्ट. त्यात माया होती का, मला सांगता येत नाही. जे सांगायचं होतं तेच तो पुन्हा सांगत होता.

"एक," मी मोठ्यानं म्हणालो. त्याच्या आईला ऐकू जाईल असं. "अमरावती."

त्यानं बोट सोडलं आणि तो आत गेला.

आता तो वखारीमागच्या शाळेत जातो. पाटीवर अक्षर सुरेख काढतो, इंग्रजीही लिहितो. बोलत मात्र नाही. मी रोज संध्याकाळी शाळेच्या दारापाशी उभा राहतो. तो बाहेर येतो, मी थांबतो, आणि तो काही म्हणेल म्हणून घरापर्यंत हळूहळू चालतो.