आत्याचा गुरुवार

मी नोकरीसाठी पुण्याला निघाले तो गुरुवार होता, म्हणून बेबीआत्या मला एक शब्दही बोलली नाही. पुण्याची गाडी अकोल्यावरूनच जाते. आत्या अकोल्याचीच, तिला तिथल्या फलाटावर उभं राहून हात हलवता आला असता. पण ती सकाळीच उलट बडनेऱ्याला आली, माझ्याबरोबर गाडीत चढली आणि अकोल्यापर्यंत माझ्या शेजारी बसून राहिली. बडनेऱ्याच्या फलाटावर बाबा खिडकीतून म्हणत होते, "आज तरी बोल न बेबी. पोरगी चालली." तिनं त्यांच्याकडे बघून फक्त डोळे मिटले. मूर्तिजापूर मागं पडल्यावर तिनं डबा उघडून माझ्यापुढे धरला. अकोल्याला उतरताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

हे मी तिच्या गच्चीवर काम करणाऱ्या बायांसाठी लिहितेय. आणि माझ्यासारख्यांसाठीही, ज्यांना गावाकडचा फोन वाजला की आधी वाईटच सुचतं.

आत्या बाबांची धाकटी बहीण. तिचं लग्न झालं नाही. का, ते आमच्या घरात कुणी सांगत नाही, आणि मी विचारणाऱ्यांतली नव्हे. आईची नोकरी दर्यापूरला, बाबांची अमरावतीला, आणि इंग्रजी शाळा हवी म्हणून मी अकोल्याला आत्याकडे. पाचवी ते दहावी मी तिच्याकडे वाढले. खाली दोन खोल्या आणि वर मोठी गच्ची. त्या गच्चीवर तिचा रुखवताचा कारखाना चालायचा. लग्नात मुलीकडचे जे मांडतात ते सगळं: रंगीत पापड, फुलासारख्या कुरड्या, मुगवड्यांची तुळस, शेवयांचा मोर. सुरुवातीला ती पिशव्या घेऊन दर्यापूरच्या, अंजनगावच्या जीपमध्ये बसायची आणि जिथं मांडव दिसेल तिथं उतरून मुलीच्या आईला गाठायची. पुढं लोकच गच्चीवर यायला लागले. ज्या बायांना घरच्यांनी कुठं कामाला पाठवलं नसतं, त्यांना आत्याकडे पाठवायचे, कारण तिथं देवाचं वातावरण आहे.

तसं ते होतंही. सकाळी पहिली वडी पडायच्या आधी सगळ्या उन्हाकडे तोंड करून हात जोडायच्या, मग भजन म्हणत हात चालायचे. आत्या फार बोलायची, भांडायची, गिऱ्हाईकाला हसता हसता वाकवायची. आणि गुरुवारी सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत मौन. काम मात्र थांबायचं नाही. चिमूट दाखवली की मीठ कमी आहे, तळवा पालथा केला की पापड उलटा. मी एकदा विचारलं होतं की हे कशासाठी. ती म्हणाली, "सहा दिवस मी बोलतो अन् देव आयकते. एक दिवस त्याले तं बोलू दे."

मला गुरुवार फार आवडायचा. शाळेत इंग्रजीत बोलायची भीती, गच्चीवर वऱ्हाडीत चुकायची भीती. गुरुवारी कुणीच माझ्याकडून काही अपेक्षा करत नसे.

पुण्यात आले तेव्हा सुरुवातीला फ्लॅटमधल्या मुलींसमोर एकदा "मले नको" निघून गेलं. त्या हसल्या, वाईट नाही हसल्या, पण मी त्यानंतर इंग्रजीतच राहिले. आत्याचा व्हिडिओ कॉल रोज दुपारी यायचा. गुरुवारीही यायचा. त्या दिवशी ती फोन कठड्याला टेकवून ठेवायची, वाळवण दाखवायची, मी जेवत बघत राहायचे. शेवटी ती दोन्ही हात जोडून कपाळाला लावायची आणि फोन बंद करायची.

दोन उन्हाळ्यांमागचा तो गुरुवार. आत्याचा फोन नेहमीसारखा आला. ती सावलीत खुर्चीवर बसली होती, जरा तिरकी. मागं बाया कुरड्या घालत होत्या. शेवटी तिनं नमस्कारासाठी हात उचलला. एकच. उजवा मांडीवर तसाच पडलेला.

फोन बंद झाला. मी डब्याचं झाकण लावलं. हाताला पीठ लागलं असेल. थकली असेल. आपण उगाच घाबरतो, हे मला सगळे लहानपणापासून सांगत आलेत. मीटिंग होती. मी जागेवर जाऊन बसले, आणि पुन्हा उठले.

पंचफुलामावशींना फोन लावला. गच्चीवर आत्याच्या खालोखाल त्यांचाच शब्द.

"आत्या बोलतेय का?" मी विचारलं.

"आज गुरुवार हाय न बाई. बोलतीन कशा?"

"तिला बोलायला सांगा. माझं नाव घ्यायला सांगा."

"अन् त्याईचं व्रत मोडू? मले पाप लावतं काय?"

मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. लोक येत-जात होते. "पाप मले लागू द्या मावशी," मी म्हणाले, आणि माझा आवाज इतका मोठा होता की दोघं थांबले. "जा, त्याईले म्हणा, एक डाव बोल."

त्या गेल्या. पलीकडून भजन ऐकू येत होतं. परत येऊन म्हणाल्या, "नाई म्हणून राहिल्या. मान हालवली."

इथं मी फोन ठेवू शकले असते. मान हलवली, म्हणजे व्रत आहे. त्या गच्चीवरच्या कुठल्याही बाईनं हाच अर्थ काढला असता. सकाळपासून सगळ्या तोच काढत होत्या.

"उजवा हात वर कराले सांगा," मी म्हटलं.

मावशी पुन्हा गेल्या. मग भजन मध्येच थांबलं. मावशींचा आवाज बदलला होता. "बाई, हात नाई येऊन राहिला त्याईचा."

शेजारच्या ऑटोत घालून त्यांनीच तिला दवाखान्यात नेलं. बाबा अमरावतीहून निघाले. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ झाली असती तर कठीण होतं. आणि बाया तर संध्याकाळचीच वाट बघत होत्या, दिवा लागला की ताई बोलतील म्हणून.

ती वाचली. उजवा हात अर्धा परतला, बोलणं तुकड्यातुकड्यांनी. एक नातेवाईक बाई भेटायला येऊन म्हणाली की मौनानंच घात केला. आत्यानं डाव्या हातानं तिला दार दाखवलं. मी तेव्हा तिथंच होते. हसावं की रडावं ते कळेना.

मी पुण्याला परतले आणि पहिला गुरुवार आला. सकाळपासून माझं कशात लक्ष नव्हतं. ती आता गप्प बसेल, आणि मला कसं कळेल की हे व्रत आहे की दुसरं काही? वेळ व्हायच्या आधीच फोन आला. आत्या पडद्यावर होती, ओठ वाकडे करत, शब्द जुळवत.

"आज... गुरुवार," ती म्हणाली. "बोलून... राहिली. तू घोर... नको करू."

इतक्या वर्षांचा तिचा गुरुवार तिनं सोडून दिला. मी म्हटलं, "आत्या, व्रताचं काय?" ती म्हणाली, "देवाले... सांगतलं. पोरगी... घाबरते."

पुढं शेवटपर्यंत ती दर गुरुवारी बोलली. गेल्या हिवाळ्यात ती झोपेतच गेली.

गच्ची चालू आहे. बाबा म्हणतात, आता अमरावतीला येत जा, तेच तुझं घर. ते खरंच आहे. पण घर कुठलं असं पुण्यात कुणी विचारलं की माझ्या तोंडून अकोला निघून जातं, जिथं माझ्या नात्याचं आता कुणीही राहत नाही. गुरुवारी मीच फोन लावते. रिंग जात असते तेवढा वेळ मी डब्याचं झाकण उघडत नाही. मग पंचफुलामावशी उचलतात, आणि मी काही विचारायच्या आत मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतात,

"हाव बाई, जित्त्या आहो आमी सगळ्या. तू जेवली काय?"